फ्रेंच भाषेतील भूतकालीन संभावनार्थ

फ्रेंच क्रियापदाच्या संभावनार्थाची भूतकाळदर्शक रूपावली व तिचा इतिहास. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे ‘अर्थ’ मानले जातात. त्याच धर्तीवर फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष घडलेली वा घडत असलेली गोष्ट सांगणारा स्वार्थ आणि इच्छा, भीती, शंका, आवश्यकता यांच्या छायेतील गोष्ट सांगणारा संभावनार्थ असा भेद आहे. ‘तो येतो हे मला माहीत आहे’ या वाक्यातील गौण क्रियापद फ्रेंचमध्ये स्वार्थात, तर ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातील संभावनार्थात येते. संभावनार्थाचे चार काळ परंपरेने सांगितले जातात : वर्तमान, अपूर्ण भूत, पूर्ण भूत व पूर्वभूत. ‘शाँते’ (गाणे) या क्रियापदाची प्रथमपुरुषी एकवचनी रूपे अनुक्रमे ‘क झ शाँत’, ‘क झ शाँतास’, ‘क झे शाँते’ व ‘क झ्यूस शाँते’ अशी होतात. (फ्रेंच लेखन व उच्चार यांत मोठे अंतर असल्याने येथे सर्वत्र उच्चारच देवनागरीत दिले आहेत.) यांपैकी वर्तमान व पूर्ण भूत ही रूपे आज लहान मुलाच्याही तोंडी असतात. अपूर्ण भूत व पूर्वभूत मात्र बोलण्यातून नाहीसे झाले असून लिखाणातही त्यांचा काही अंशच उरला आहे. एके काळी शेतकऱ्यापासून राजापर्यंत सर्वांच्या भाषेत असलेली ही रूपे आधी सुशिक्षितपणाची खूण, मग परीक्षेतील अडसर आणि अखेर विनोदाचा विषय कशी झाली, हा फ्रेंच भाषेच्या इतिहासातील एक बोधक भाग आहे.

रूपसिद्धी : अपूर्ण भूत संभावनार्थ हा साध्या भूतकाळावर (म्हणजे कथनात येणाऱ्या, सहायक क्रियापद न लागणाऱ्या भूतकाळावर) उभा आहे. साध्या भूतकाळाचे द्वितीयपुरुषी एकवचनी रूप घेऊन त्याच्या शेवटच्या सकाराला पुढील प्रत्यय जोडले, की संभावनार्थाचे रूप सिद्ध होते. त्यामुळे साध्या भूतकाळाचा जो स्वर तोच येथेही येतो : ‘शाँते’चे ‘शाँतास’, ‘फिनीर’ (संपविणे) याचे ‘फिनीस’, ‘रसव्वार’ (मिळणे) याचे ‘रस्यूस’, तर ‘व्हनीर’ (येणे) याचे सानुनासिक ‘व्हँस’. नियम इतका सरळ आहे, की अपवाद जवळजवळ नाहीतच. ज्याला साधा भूतकाळ येतो त्याला हा काळ आपोआप येतो. अडचण निर्माण झाली ती पहिल्या अटीमुळे.

सहा पुरुषवचनांची रूपे ‘शाँतास, शाँतास, शाँता, शाँतासियों, शाँतासिए, शाँतास’ अशी आहेत. तृतीयपुरुषी एकवचन इतरांहून वेगळे आहे. त्याच्या अंती सकार ऐकू येत नाही. लेखनात स्वरावर टोपीसारखे चिन्ह व त्यापुढे अनुच्चारित तकार असतो. साध्या भूतकाळाचे तृतीयपुरुषी एकवचनही ‘शाँता’ असेच उच्चारले जाते. म्हणजे ‘तो गायला’ आणि ‘तो गावा’ यांतील भेद केवळ डोळ्यांना दिसतो, कानांना नाही. ‘फिनीर’ वर्गातील क्रियापदांची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यांचा वर्तमान संभावनार्थ व अपूर्ण भूत संभावनार्थ सहापैकी पाच रूपांत लेखनात आणि उच्चारात तंतोतंत एक आहेत. भेद उरतो तो तृतीयपुरुषी एकवचनात. अशा शेकडो क्रियापदांच्या बाबतीत बोलणारा कोणता काळ वापरीत आहे, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

लॅटिनमधील मूळ : अभिजात लॅटिनमध्ये संभावनार्थाचे अपूर्ण भूत ‘कांतारेम’ व पूर्वभूत ‘कांताव्हिस्सेम’ असे होते; नंतरच्याचे ‘कांतास्सेम’ हे संक्षिप्त रूपही प्राचीन काळापासून रूढ होते. उत्तरकालीन बोली लॅटिनमध्ये अंत्य मकार लोपल्यावर ‘कांतारे’ हे रूप क्रियावाचक नामाशी (‘गाणे’) एकरूप झाले, आणि पूर्वभूताचे ‘कांतास्से’ त्याच्या जागी आले. जुने रूप सार्डिनियन भाषेत टिकले. इतरत्र ‘कांतास्सेम’चीच वंशवेल पसरली. इटालियन ‘कांतास्सी’, स्पॅनिश ‘कांतासे’, पोर्तुगीज ‘कांतास्स’ व फ्रेंच ‘शाँतास’ ही एकाच मुळाची रूपे होत. रूमानियनमध्ये मात्र त्याच मुळापासून स्वार्थाचा पूर्वभूत निघाला. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज माध्यमातून शिकलेल्या पिढ्यांना हे रूप शाळेच्या बाकावरच भेटत असे, आणि ते जिवंत भाषेतील रूप होते. आजही लिस्बनच्या रस्त्यावर ते सहज ऐकू येते. फ्रेंचमध्येच त्याची वाट का लागली, या प्रश्नाला म्हणूनच महत्त्व आहे.

प्राचीन फ्रेंच : सु. ११०० मधील *शांसों द रोलां* या वीरकाव्याच्या भाषेत अपूर्ण भूत संभावनार्थ पूर्ण जोमात दिसतो. त्याचे मुख्य काम गौण वाक्यात मुख्य वाक्याच्या काळाशी मेळ राखणे हे नव्हते. न घडलेली, घडू शकली असती अशी गोष्ट सांगणे, हे त्याचे खरे काम होते. ‘राजा येथे असता, तर आपली हानी झाली नसती’ अशा अर्थाच्या वाक्यात दोन्ही ठिकाणी हाच काळ येई. मराठीच्या संकेतार्थातही ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ यात दोन्ही वाक्यांत एकच रचना असते, हे येथे आठवावे. संदर्भानुसार हा काळ वर्तमानातील अशक्य गोष्टही सांगे व भूतकाळातील हुकलेली गोष्टही सांगे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात या प्रांतात दोन प्रतिस्पर्धी शिरले. ‘जर’च्या वाक्यात स्वार्थाचा अपूर्ण भूत आणि ‘तर’च्या वाक्यात क्रियावाचक नामापासून नव्याने घडलेले संकेतार्थाचे रूप, ही जोडी हळूहळू रूढ झाली व आजची फ्रेंच तीच वापरते. सोळाव्या शतकापर्यंत साधी अशक्यता सांगण्याचे काम अपूर्ण भूत संभावनार्थाच्या हातून जवळजवळ गेलेले होते. भूतकाळातील हुकलेल्या गोष्टीसाठी पूर्वभूत संभावनार्थ (‘इल यू शाँते’, म्हणजे ‘तो गायला असता’) तेवढा टिकला, आणि आजही भारदस्त लेखनात तो संकेतार्थाऐवजी येतो. या काळच्या रूपांतही अस्थिरता होती. ‘शाँते’ वर्गातील क्रियापदांना प्रथम व द्वितीय पुरुषी अनेकवचनात ‘आ’ऐवजी ‘ई’ स्वर लावण्याची जुनी रीत सोळाव्या शतकातही आढळते. पुढे व्याकरणकारांनी ‘आ’ स्वराची रूपे कायम केली. ‘शाँतासियों’सारखी लांबलचक रूपे ही अशा रीतीने काहीशी व्याकरणाच्या मेजावर घोटून काढलेली आहेत.

अर्थाकडून नियमाकडे : सतराव्या शतकात फ्रेंच भाषेच्या प्रमाणीकरणाला राजाश्रय मिळाला. रीशल्यने १६३५ मध्ये फ्रेंच अकादमीची स्थापना केली. क्लोद फाव्हर द व्होझला (१५८५–१६५०) याने १६४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या टिपणांत राजदरबारातील निवडक मंडळींचे बोलणे व चांगल्या लेखकांचे लेखन, हेच शुद्धतेचे प्रमाण मानले. त्याची भूमिका वापर नोंदविणाऱ्याची होती. पोर-र्वायाल मठाच्या परिवारातील आर्नो व लांसलो यांचे १६६० चे व्याकरण भाषेच्या मुळाशी तर्क आहे असे मानणारे होते. पुढील दोन शतकांत शालेय व्याकरणाने या दोन भूमिकांपैकी वापराची भूमिका मागे टाकली आणि तर्काची आणखी कठोर केली.

या संक्रमणापूर्वी या काळात अर्थ किती शिल्लक होता, हे रासीनच्या (१६३९–९९) *आंद्रोमाक* (१६६७) या शोकांतिकेतील एका प्रसिद्ध स्थळावरून दिसते. ट्रॉयच्या पाडावानंतर बंदिवासात असलेली आंद्रोमाक ग्रीकांच्या मनातील भीतीविषयी बोलत आहे. लागोपाठच्या दोन ओळींत ‘भीती वाटणे’ हे एकच क्रियापद वर्तमानकाळात येते. पण आपला मुलगा मोठेपणी बापाचा सूड घेईल, या शक्यतेबद्दल बोलताना ती वर्तमान संभावनार्थ वापरते. आणि तो आईची आसवे पुसू शकला असता, असे सुचविताना अपूर्ण भूत वापरते. दुसऱ्या ओळीत ‘त्याला जगू दिले तर’ हे न उच्चारलेले ‘जर’ त्या एका रूपात सामावले आहे. पुढच्या काळातील काटेकोर नियमाप्रमाणे मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असल्याने येथे अपूर्ण भूत येता कामा नये. व्याकरणकारांनी ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या ‘अपवाद’ म्हणून उद्‌धृत केली आहे. वस्तुतः अपवाद म्हणून दाखविलेला हाच या काळाचा मूळ उपयोग होता.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील शालेय व्याकरणांत, विशेषतः नोएल व शापसाल यांच्या १८२३ पासून सर्वत्र पसरलेल्या पाठ्यपुस्तकाच्या परंपरेत, या काळाचे काम ‘काळांची संगती’ या एका नियमात बसविण्यात आले. मुख्य क्रियापद वर्तमान वा भविष्यकाळी असेल, तर गौण वाक्यात वर्तमान अथवा पूर्ण भूत संभावनार्थ यावा. ते भूतकाळी वा संकेतार्थी असेल, तर अपूर्ण भूत अथवा पूर्वभूत यावा. ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’ यात ‘व्ह्येन’, ‘तो यावा अशी माझी इच्छा होती’ यात ‘व्हँ’. नियम नेटका आहे, पण त्यामुळे या रूपाला स्वतःचे असे काही सांगायचे राहिले नाही. इच्छा भूतकाळातील होती ही माहिती मुख्य क्रियापदाने आधीच दिलेली असते. गौण क्रियापद तीच पुन्हा सांगते. वरील मराठी वाक्यांत ‘यावा’ दोन्हीकडे तसाच राहतो आणि अर्थाची काहीही हानी होत नाही. ज्या रूपावाचून अर्थ अडत नाही, ते भाषेतून सहज गळते. अपूर्ण भूत संभावनार्थ अवघड होता म्हणून मेला, असे सर्रास सांगितले जाते. पण मुलांनी न कुरकुरता शिकलेली याहून अवघड रूपे फ्रेंचमध्ये पुष्कळ आहेत.

ऱ्हासाची कारणे : बोलण्यातील ऱ्हासाचे सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण साध्या भूतकाळाच्या लोपाशी जोडलेले आहे. आंत्वान मेये (१८६६–१९३६) या थोर भाषाशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये या विषयावर लेख लिहिला. (मराठीच्या घडणीवरील १९२० च्या फ्रेंच ग्रंथाचे कर्ते झ्यूल ब्लॉक हे मेये यांचेच शिष्य.) साध्या भूतकाळाची रूपे विविध व अनियमित होती, तर सहायक क्रियापद व धातुसाधित यांनी होणारा संयुक्त भूतकाळ सोपा व एकसाची होता, त्यामुळे उत्तर फ्रान्सच्या बोलण्यात दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली, असे मेये यांचे प्रतिपादन होते. साधा भूतकाळ गेल्यावर त्याच्या स्वरावर उभा असलेला संभावनार्थ निराधार झाला, हे त्यातून ओघानेच येते.

हे स्पष्टीकरण खरे असले, तरी पुरेसे नाही. उत्तर इटलीतही साधा भूतकाळ बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. मात्र तेथे ‘कांतास्सी’चे रूप रोजच्या संभाषणात ठणठणीत आहे. याचे कारण असे, की इटालियनने ‘जर’च्या वाक्यातील काम या रूपाकडून काढून घेतले नाही. उलट दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत ‘जर’च्या वाक्यात स्वार्थाचा अपूर्ण भूत येतो, पण साधा भूतकाळ जिवंत आहे, आणि तेथेही हा संभावनार्थ टिकून आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज यांत दोन्ही आधार शाबूत आहेत. उत्तर फ्रान्सच्या फ्रेंचने ते दोन्ही गमावले : ‘जर’चा आधार मध्ययुगात, साध्या भूतकाळाचा त्यानंतर. एका आधारावर हे रूप उभे राहू शकते. दोन्ही गेल्यावर ते फक्त शाळेच्या नियमावर उभे राहिले.

याशिवाय ध्वनीची गैरसोय होती. ‘-आस’ हा ध्वनी फ्रेंचमध्ये हीनत्वदर्शक प्रत्ययाचाही आहे. कागदांच्या भाराला ‘पापरास’ म्हणतात, आणि रेंगाळणे, उगाच दिवास्वप्ने पाहणे अशा अर्थांच्या क्रियापदांतही तो येतो. ‘पुव्वार’ (शकणे) याचे ‘प्यूस’ हे रूप ‘पिसू’ या अर्थाच्या शब्दाशी समोच्चारित आहे. ‘खून करणे’ या अर्थाच्या ‘आसासिने’ या क्रियापदाचे द्वितीयपुरुषी अनेकवचन ‘आसासिनासिए’ असे सकारांनी भरलेले होते. अशा रूपांवर रचलेले, आल्फोंस आले (१८५४–१९०५) याच्या नावावर प्रसिद्ध असलेले विनोदी प्रेमकाव्य फ्रेंच वाचकाला तोंडपाठ असते. हसू येणे हे मृत्यूचे कारण नव्हे, लक्षण होय. रोज कानांवर पडणाऱ्या रूपाला कोणी हसत नाही. पोर्तुगीज माणसाला ‘कांतास्स’ ऐकून हसू येत नाही.

शाळा व परीक्षा : फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात आबे ग्रेग्वार (१७५०–१८३१) याने १७९४ मध्ये सादर केलेल्या अहवालाप्रमाणे किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा येत नव्हती, तितक्याच लोकांना तीत सलग संभाषण करता येत नव्हते आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते. या बहुसंख्यांना फ्रेंच मिळाली ती शाळेतून, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातून. यातील विरोधाभास असा, की दक्षिणेतील अनेक मुलांच्या घरच्या बोलीत हा संभावनार्थ जिवंत होता; ती बोली मात्र शाळेत निषिद्ध ठरली, आणि त्याच काळाचे निर्जीव फ्रेंच रूप त्यांना नियम म्हणून पाठ करावे लागले.

झ्यूल फेरीच्या १८८१ व १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे व धर्मनिरपेक्ष झाले. प्राथमिक शिक्षणाच्या प्रमाणपत्र परीक्षेत श्रुतलेखनाला निर्णायक स्थान होते. पाच चुका झाल्या, की शून्य गुण. शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या मुलाला टपाल खात्यात, रेल्वेत वा कचेरीत नोकरीचा मार्ग याच परीक्षेतून जात असे. अशा श्रुतलेखनात ‘फ्यू’ (‘होता’ व ‘असावा’) हा एकच उच्चार ऐकून त्यावर टोपी घालायची की नाही, हे मुलाला ठरवावे लागे. कान येथे निरुपयोगी. वाक्य अनेकवचनात फिरवून ‘फ्यूस’ बसते का, हे मनातल्या मनात पडताळावे लागे. ज्याच्या घरी पुस्तके वाचली जात त्याला हे डोळ्यांनी ओळखता येई. ज्याच्या घरी नव्हती, त्याला पृथक्करणाचा नियम हाच आधार. भाषेने सोडून दिलेला भेद अशा रीतीने माणसामाणसांतील भेद दाखविण्याच्या कामी आला.

त्या टोपीचा स्वतःचा इतिहासही लक्षणीय आहे. प्राचीन फ्रेंचमध्ये तृतीयपुरुषी रूपात सकार व तकार दोन्ही उच्चारले जात. म्हणजे साध्या भूतकाळाहून ते ऐकूनही वेगळे कळे. पुढे सकार उच्चारातून गेला पण लेखनात राहिला. अकादमीच्या कोशाच्या १७४० मधील तिसऱ्या आवृत्तीत, आबे दोलिव्हे याच्या पुढाकाराने, हजारो शब्दांचे लेखन बदलले गेले व अनेक अनुच्चारित सकारांच्या जागी स्वरावर टोपी आली. हे चिन्ह म्हणजे लोपलेल्या सकाराची समाधी होय.

शासनाचे निर्णय : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परीक्षांतील व्याकरणाच्या अतिरेकाविरुद्ध सुधारकांचा आवाज वाढला. शिक्षणमंत्री झॉर्झ लेग याने ३१ जुलै १९०० रोजी वाक्यरचना सुलभ करणारा आदेश काढला. अकादमीच्या विरोधामुळे तो बदलून २६ फेब्रुवारी १९०१ रोजी सौम्य स्वरूपात पुन्हा काढण्यात आला. त्यात काळांच्या संगतीसंबंधी एक कलम होते. मुख्य क्रियापद संकेतार्थी असल्यास गौण वाक्यात अपूर्ण भूताऐवजी वर्तमान संभावनार्थ चालेल, परीक्षकाने ती चूक धरू नये, असा त्याचा आशय. सवलत अर्धीच होती : मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यास जुना नियम कायम राहिला. तीही प्रत्यक्षात फारशी अमलात आली नाही. व्याकरणाच्या पुस्तकांनी नियम मोठ्या अक्षरांत व सवलत तळटीपेत छापली, आणि शिक्षक जे स्वतः शिकले होते तेच शिकवीत राहिले.

फेर्दिनां ब्र्यूनो (१८६०–१९३८) हा फ्रेंच भाषेच्या बृहद् इतिहासाचा कर्ता या प्रश्नावर सुधारकांच्या बाजूचा होता. अकादमीने आपल्या स्थापनेच्या वेळी व्याकरण रचण्याचे वचन दिले होते. ते तिने सुमारे ३०० वर्षांनी, १९३२ मध्ये पुरे केले. ब्र्यूनोने त्याच वर्षी त्यातील दोषांवर स्वतंत्र पुस्तक लिहून टीकेची झोड उठविली. १९३६ मध्ये मॉरिस ग्रव्हीस या बेल्जियन शिक्षकाचा *ल बों यूझाझ* हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखकांच्या प्रत्यक्ष वापराचे दाखले देऊन नियम तपासण्याची त्याची पद्धत व्होझलाच्या मूळ भूमिकेशी नाते सांगणारी होती.

उरलेली अर्धी सवलत येण्यास आणखी ७५ वर्षे लागली. शिक्षणमंत्री रने आबी याने २८ डिसेंबर १९७६ रोजी काढलेल्या आदेशान्वये मुख्य क्रियापद भूतकाळी असो वा संकेतार्थी, गौण वाक्यात अपूर्ण भूताऐवजी वर्तमान व पूर्वभूताऐवजी पूर्ण भूत संभावनार्थ परीक्षांत मान्य करण्यात आला. पॅरिसच्या सामान्य बोलण्यात हा बदल त्यापूर्वी कितीतरी आधी पूर्ण झालेला होता. या आदेशाने भाषा बदलली नाही. मुलांना होणारी शिक्षा तेवढी थांबली.

संस्कृतच्या अभ्यासकाला येथे एक तुलना सुचेल. वैदिक भाषेतील लेट् हा याच जातीचा अर्थ. तो लौकिक संस्कृतातून लोपला. पाणिनीने त्याची रूपे सविस्तर सिद्ध करून त्याचे क्षेत्र वेदापुरते मर्यादित केले. रूप जुने आहे, ते कळले पाहिजे, पण आजच्या वाक्यात त्याची अपेक्षा नाही, अशी ही व्यवस्था. फ्रेंच शालेय व्याकरणाला असा कप्पा करण्यास दोन शतके लागली.

साहित्य व सद्यःस्थिती : लिखित भाषेत या काळाचे आयुष्य अधिक आहे. मार्सेल प्रूस्त (१८७१–१९२२) याच्या १९१३–२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाकादंबरीत तो सर्वत्र आढळतो. तिच्या लांब, एकात एक गुंतलेल्या वाक्यांत गौण वाक्याचा काळ वेगळा ओळखू येणे वाचकाला उपकारकच ठरते. पुढील लेखकांत मात्र तो तृतीयपुरुषी एकवचनापुरता व मुख्यतः ‘असणे’ आणि जवळ ‘असणे’ या अर्थांच्या दोन सहायक क्रियापदांपुरता (‘फ्यू’ व ‘यू’) आकुंचित झाला. या रूपांत ‘-आस’चा खडखडाट नाही आणि उच्चार साध्या भूतकाळासारखाच असल्याने कानाला ती परकी वाटत नाहीत. ‘असले तरी’, ‘नसते तर’, ‘देवाची कृपा असती तर’ अशा अर्थांच्या काही गोठलेल्या वाक्प्रचारांतही ती टिकली आहेत. लक्षात घेण्यासारखे म्हणजे त्यांपैकी बहुतेकांत काळांच्या संगतीचा संबंध नाही. न घडलेल्या गोष्टीचा प्राचीन अर्थ आहे.

विसाव्या शतकात तोंडी भाषणात हा काळ वापरणे ही हेतुपुरस्सर केलेली कृती ठरली. ती कोण करतो यावर तिचा अर्थ ठरे. सेनेगलचे कवी व पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल सेदार सांगोर (१९०६–२००१) हे १९३५ मध्ये फ्रान्सच्या उच्च व्याकरण अध्यापक-परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले आफ्रिकी होते व १९८३ मध्ये त्यांची फ्रेंच अकादमीवर निवड झाली. वसाहतीतील माणसाने राज्यकर्त्यांच्या व्याकरणावर त्यांच्याहून अधिक प्रभुत्व मिळविणे, यात त्या काळी स्वाभिमानाचा प्रश्न होता. दुसऱ्या टोकाला, अतिउजव्या पक्षाचे नेते झां-मारी ल पेन (१९२८–२०२५) यांच्या भाषणांतील या काळाच्या वापराची पत्रकारांनी वारंवार दखल घेतली. तेथे तेच रूप जुन्या, ‘अस्सल’ फ्रान्सचे निशाण म्हणून मिरविले जात होते. शेतकऱ्याच्या तोंडून गेलेले रूप सभेच्या व्यासपीठावर असे वेषांतर करून परतले.

शालेय अभ्यासक्रमातून या काळाचा आधारही पुढे आखडला. २०१६ मध्ये लागू झालेल्या फ्रेंच अभ्यासक्रमाने प्राथमिक टप्प्यावर साध्या भूतकाळाची तृतीयपुरुषी रूपेच शिकविण्याचे ठरविले, आणि त्यावर वृत्तपत्रांत वाद झाला. ज्या द्वितीयपुरुषी रूपापासून अपूर्ण भूत संभावनार्थ सिद्ध होतो, ते रूपच त्या वयात शिकविले जात नसेल, तर जुनी रूपसिद्धी सांगायची कशी, ही शिक्षकांची अडचण होती. भारतात व इतरत्र फ्रेंच ही परकीय भाषा म्हणून शिकविताना हा काळ सामान्यतः ओळखण्यापुरताच शिकविला जातो. तो बोलून दाखविण्याची अपेक्षा विद्यार्थ्याकडून नसते.

लेखनसुधारणेच्या संदर्भात मात्र या काळाला अनपेक्षित संरक्षण मिळाले. ६ डिसेंबर १९९० रोजी शासकीय राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या शुद्धलेखनविषयक शिफारशींनी ‘इ’ व ‘यू’ या स्वरांवरील टोपी ऐच्छिक केली. परंतु काही समोच्चारित शब्द आणि क्रियापदांचे विशिष्ट प्रत्यय यांना त्यातून वगळण्यात आले. त्या प्रत्ययांत साध्या भूतकाळाच्या अनेकवचनाबरोबर संभावनार्थाचे अपूर्ण भूत व पूर्वभूत यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जे रूप कोणी बोलत नाही, त्याच्यावरील टोपी काढता येत नाही. कारण ती काढल्यास ‘होता’ आणि ‘असावा’ हे दोन शब्द कागदावरही एक होतील.